अवघड जागेच्या गाठी आणि आजीची वाकळ

हा रुग्ण माझ्याकडे पहिल्यांदा आला तो केस गळतात म्हणून. केसपेपरवर तसंच लिहिलंय: पुरुष, वय ३३, द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका, तक्रार, केस गळणे. टाळूवर कोंडा होता, मी शांपू लिहून दिला. दारापर्यंत गेल्यावर तो एकदा वळून उभा राहिला, मग "येतो मॅडम" म्हणाला आणि गेला.

पंधरा दिवसांनी, जानेवारीच्या शेवटी, तो परत आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलला. "मॅडम, केसाचं कायबी न्हाई. खालच्या जागी गाठी आल्यात. दोन महिनं झालं, रातीला डोळ्याला डोळा न्हाई. मागल्या टायमाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

सांगली-मिरज रस्त्यावर माझा कातडीच्या रोगांचा दवाखाना आहे. अवघड जागेचं दुखणं बाई डॉक्टरसमोर काढायचं म्हणजे पुरुषाला किती जड जातं, हे मी रोज बघते. कितीतरी जण त्यासाठी मुद्दाम कोल्हापूर-पुणे गाठतात. तिथल्या बाकावर ओळखीचं कुणी भेटू नये, एवढ्यासाठी. या माणसाने दोन महिने जे सोसलं त्यातलं बरंचसं टळण्यासारखं होतं, आणि त्यात काही आठवड्यांची भर माझ्याकडूनही पडली. म्हणून ही केस सविस्तर लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चार ठिकाणं

खाज सुरू झाली डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याला वाटलं, औषध मारताना पँट भिजते, त्याचं असेल. फळछाटणीनंतर बागेत फवारण्या सतत चालू असतात, ब्लोअरचा तुषार अंगावर येतोच. अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. फवारणीच्या औषधाने कातडी भाजते हे खरं, पण मग जिथे जिथे ओलं कापड चिकटतं ती सगळीच कातडी लाल होते, मांड्यासुद्धा. सुट्या सुट्या गाठी येत नाहीत.

आधी तो मेडिकलवर गेला. काउंटरवर गर्दी होती, म्हणून हळू आवाजात "जांघेत खाज हाय" एवढंच म्हणाला. एक मलम मिळालं. रिकामी ट्यूब त्याने मला दाखवली: क्लोबेटासॉल, त्याच्या जोडीला एक बुरशीनाशक आणि एक अँटिबायोटिक. क्लोबेटासॉल हे सर्वांत तीव्र गटातलं स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबली. आठवड्याने ती परत आली, दुपटीने. मग दुसरी ट्यूब. असं करत पाच ट्यूब झाल्या.

इथे जरा थांबते, कारण ही पाच ट्यूबची गोष्ट मला आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकायला मिळते. वृषणाची कातडी फार पातळ असते. हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कुठल्या भागातून किती आत जातं हे १९६७ साली मोजलं गेलं, तेव्हा कोपराखालच्या हातापेक्षा वृषणाच्या कातडीतून ते सुमारे ४२ पट जास्त शोषलं गेलेलं आढळलं. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड. आणि आपण त्याच जागेवर क्लोबेटासॉल महिना-महिना चोळतो. कातडी कागदासारखी पातळ होते, लाल पडते, बाळंतपणानंतर पोटावर राहतात तसे व्रण जांघेत उमटतात आणि ते पुसले जात नाहीत. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं सरकारने २०१८ साली ठरवलं. तरी ती मिळतात.

मलमाने भागेना तेव्हा तो एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं, दंडावर इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पँट उतरवायला सांगितलं नाही, आणि त्यानेही सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या ठिकाणी, रस्त्याकडेच्या भिंतीवर 'गुप्तरोग' असं रंगवलेलं असतं तशा एका ठिकाणी, नाडी बघून "गरमी हाय" असं निदान झालं. गरमी म्हणजे सिफिलिस. रक्त तपासलं नाही. पुड्या आणि काढा महिनाभराचा, पैसे रोख, आगाऊ.

चौथं ठिकाण मोबाईल. रात्री बागेतल्या खोलीवर बसून त्याने फोटो बघितले आणि ठरवलं की या चामखिळी आहेत. चुना आणि सोडा कालवून एका गाठीवर लावला. गाठ गेली नाही, तिथे जखम पडली. माझ्याकडे आला तो या जखमेमुळे. खाजेपुढे त्याने मनातून कधीच मान तुकवली होती.

चार ठिकाणी औषध झालं, आणि त्या गाठी कुणीही डोळ्यांनी बघितल्या नव्हत्या.

तपासणी

दवाखान्यातल्या पुरुष मदतनीसाला आत बोलावलं, पडदा ओढला, दिवा लावला. वृषणाच्या पिशवीवर सात गाठी, शिश्नावर तीन. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, तांबूस-तपकिरी, हाताला घट्ट. एकीच्या जागी चुन्याने पडलेली, कडा स्वच्छ असलेली जखम. जांघेतली कातडी चकचकीत आणि पातळ, दोन्ही बाजूंना व्रणांच्या रेघा, आणि कडेने नायट्याचं एक फिकट कडं. हा नायटा स्टेरॉइडच्या आडोशाला वाढलेला होता. म्हणजे मेडिकलवाल्याने सांगितलेली बुरशी आता खरोखरच होती, पण ती मागून आलेली पाहुणी.

अशा जागेच्या गाठींचं निदान डोळ्यांनी बरंचसं होतं, पण त्यासाठी नीट बघावं लागतं. शिश्नाच्या टोकाच्या कडेला एका रांगेत, मोत्याच्या सरीसारखे, सगळे एकाच आकाराचे बारीक दाणे असतील तर तो रोगच नव्हे. ते कित्येक पुरुषांना असतात. कातडीखाली रव्यासारखे पिवळसर ठिपके असतात, त्या तेलाच्या ग्रंथी. त्यांनाही काही करायचं नसतं. खऱ्या चामखिळी खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या दिसतात. त्या एचपीव्ही विषाणूच्या, बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांच्या. मधोमध खळगा असलेले, मेणासारखे चमकणारे दाणे म्हणजे मोलस्कम, तोही विषाणूचाच आजार. नागीण, म्हणजे हर्पिस, दुखते, आधी पाण्याचे पुंजके येतात, मग ते फुटतात. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही, आणि दुसऱ्या टप्प्यात तिथे ओलसर चपट्या गाठी येऊ शकतात. म्हणून शंका असो-नसो, रक्त तपासलेलं बरं.

या माणसाच्या गाठी यातल्या कशातच बसत नव्हत्या. मी त्याला म्हणाले, "दादा, कपडे नीट करा आणि हात पुढे करा."

"हात?"

"हात. बोटं फाकवा."

उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या बेचक्यात अर्धा सेंटिमीटरची एक राखाडी, नागमोडी ओरखड्यासारखी रेघ होती. दुसरी मनगटाच्या आतल्या बाजूला. बेंबीभोवती खाजवून सोललेले बारीक पुरळ, काखेच्या पुढच्या घडीवर तेच, ढुंगणावर तेच. डर्मोस्कोप म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग. ते रेघेच्या टोकावर टेकवलं तर तिथे एक बारीक तपकिरी त्रिकोण दिसला, मागे पांढरी रेघ. विमान गेल्यावर आकाशात धुराची रेघ राहते तशी. त्रिकोण म्हणजे किडीचं तोंड आणि पुढचे पाय, मागची रेघ म्हणजे तिने पोखरलेलं बीळ.

खरूज होती.

रेघेवर तेलाचा थेंब टाकून पात्याने हलकं खरवडलं आणि काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली. आठ पायांची, गोल पाठीची मादी, शेजारी दोन अंडी. मी सहसा रुग्णाला मायक्रोस्कोप दाखवत नाही, पण या माणसाला दोन महिन्यांत कुणीही काहीही दाखवलं नव्हतं. त्याला बोलावलं. तो डोळा लावून बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो जित्ता हाय?"

"जिवंत आहे. पाय हलतायत बघा."

"आन् हे येवढं येवढंसं माझी झोप खातंय?"

ती मादी पाव ते अर्ध्या मिलिमीटरमधली असते. कातडीच्या वरच्या थरात बीळ करते, रोज दोन-तीन अंडी घालते, महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लं वयात येतात. खरूज झालेल्या साध्या माणसाच्या अंगावर अशा माद्या एकूण दहा-पंधराच असतात. खाज त्यांच्या चावण्याने सुटत नाही. त्यांच्या विष्ठेला आणि अंड्यांना आपलं शरीर चिडतं, त्या चिडण्याची ती खाज. म्हणूनच पहिल्यांदा लागण झाल्यावर चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही आणि मग अचानक रात्री-रात्री अंग पेटतं. वृषणावर, शिश्नावर, काखेत हे चिडणं गाठींच्या रूपात दिसतं. पुरुषाच्या त्या जागी खाजणाऱ्या गाठी आल्या असतील तर खरूज मनात आलीच पाहिजे, आणि खात्री करायला हात बघितले पाहिजेत. क्लोबेटासॉलने नेमकं हे चिडणं झाकलं. किडी मात्र मजेत वाढत राहिल्या.

मनातली दुसरी गोष्ट

निदान ऐकल्यावर माणूस हलका होतो असा माझा अनुभव. हा झाला नाही. "नक्की खरूजच ना? दुसरं काय न्हाई ना?" हे त्याने तीन वेळा विचारलं. मी मदतनीसाला बाहेर पाठवलं आणि विचारलं, कशाची भीती वाटतेय?

दिवाळीनंतर आठवड्याभराने मित्रांबरोबर तो बाहेरगावी गेला होता. एक रात्र लॉजवर. एका बाईशी संबंध आला, निरोध वापरला नव्हता. त्यानंतर महिनाभराने या गाठी. दोन महिने त्याने 'एड्स' हा शब्द मनात वागवला होता आणि बायकोच्या अंथरुणापासून लांब राहिला होता. खाज हे कारण सांगायला बरं पडलं.

त्याला मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण अशा वेळी डॉक्टरने तोंड वाकडं केलं तर माणूस परत येत नाही. या गाठी एचआयव्हीच्या नाहीत. खरूज शरीरसंबंधातून लागू शकते, तशी ती एका अंथरुणात झोपून, लेकराला कडेवर घेऊनही लागते. पण त्या रात्रीची तपासणी करून घ्यायला हवी, गाठी असोत वा नसोत. सिफिलिस, कावीळ ब आणि एचआयव्ही, तिन्ही. एचआयव्हीची साधी चाचणी संबंधानंतर तीन महिने झाल्याशिवाय पूर्ण खात्रीची धरत नाहीत. आज अडीच महिने झालेत, म्हणून आज एकदा करू आणि मार्चमध्ये परत. तोवर बायकोशी संबंध नको, आले तर निरोध.

ही चाचणी सिव्हिलमध्ये समुपदेशन केंद्रात फुकट होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे, त्यातले मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन आहे. हे सगळं त्याला ठाऊक नव्हतं. सिव्हिलमध्ये नाव पुकारतात आणि मग गावात कळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

तो तिथूनच सिव्हिलला गेला. तिन्ही निकाल निगेटिव्ह आले.

घर

खरजेत मी एका माणसाला औषध देत नाही. घर बोलावते. दोन दिवसांनी ते आले, एका टेम्पोत: आई, बायको, चार वर्षांचा मुलगा, भाऊ, भावजय आणि तिची लहान मुलगी. तो धरून सात. भावाचा मोठा मुलगा सातवीत, तो हॉस्टेलला.

बायकोला आत एकटीला घेतलं. तिच्या स्तनांभोवती, बेंबीजवळ आणि मनगटांवर तेच पुरळ. महिन्यापासून खाजत होतं, पण नवऱ्याला विचारायचं कसं म्हणून गप्प. तपासून झाल्यावर तिने पदर सारखा केला आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, मला खरं सांगा. ह्यांनी हे कुठनं आणलं?"

नवऱ्याने मला विश्वासाने सांगितलेलं तिला सांगायचा मला अधिकार नव्हता, आणि तिला खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, "कुणी आणलं ते कातडीवर लिहिलेलं नसतं ताई. एका घरात ती नवऱ्याकडून बायकोला जाते, तशी लेकराकडून आजीलाही जाते. तुमच्यातलं जे काय विचारायचं असेल ते तुम्ही त्यांनाच विचारा. तुम्ही मला काही सांगितलंत तर तेही मी त्यांना सांगणार नाही." तिला हे उत्तर पुरलं असं मला वाटलं नाही. पण मग भावजय आत आली आणि सहज बोलून गेली की दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलचा पोरगा आला तेव्हापासूनच त्याला खाज होती. अंगणात बसून खाजवायचा, रात्री काकाच्या कुशीत झोपायचा. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीची. त्यात चार-सहा आठवडे मिळवले की डिसेंबर येतो. लॉजची रात्रही त्याच हिशेबात बसते, हे मी नाकारत नाही. पण पोराची खाज त्या रात्रीच्या आधीची होती.

रुग्णाच्या चार वर्षांच्या मुलाच्या बोटांवर पू धरलेले फोड होते. लेकरांच्या खरजेत हे फोड म्हणजे फक्त कातडीचा प्रश्न नसतो. त्यातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजला, लघवी लालसर झाली, तर लगेच या, असं बजावलं. लघवी तपासली, ठीक होती. अँटिबायोटिकचं सिरप सुरू केलं.

औषध साधं आहे, लावायची पद्धत साधी नाही. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम, मोठ्या माणसाला एका वेळेला ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब. अंग गार आणि कोरडं असताना, जेवणं उरकल्यावर, हनुवटीखालून तळपायापर्यंत. बोटांची बेचकी, नखांच्या खाली, बेंबी, काखा, ढुंगणाची घडी, लघवीची जागा, काहीही सोडायचं नाही. खाजतं तिथेच लावायचं नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. रात्रभर ठेवायचं, किमान आठ तास. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाजत असो वा नसो. सकाळी आंघोळ, आदल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पोत्यात तोंड बांधून आठवडाभर बाजूला. माणसाच्या अंगापासून सुटलेली कीड दोन-तीन दिवसांत मरते. सात दिवसांनी हेच सगळं परत, कारण पहिल्या रात्री अंड्यांतून वाचलेली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात. भावजयीला पाचवा महिना होता. पर्मेथ्रिन गरोदरपणात चालतं.

त्याची सगळी मलमं मी टोपलीत टाकली. नायट्याला स्टेरॉइड नसलेलं बुरशीनाशक सहा आठवडे दिलं. चुन्याच्या जखमेला साधी व्हॅसलीन लावायला सांगितली, ती दहा दिवसांत भरली.

माझी चूक

फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. गाठी अजून होत्या, खाज पुन्हा वाढली होती. बागेत द्राक्षं उतरायचं काम चालू होतं, व्यापाऱ्याची गाडी दारात, येणं जमत नव्हतं.

किडी मेल्या तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, आणि गाठी तर महिनोन् महिने. शरीर मेलेल्या किडीवरही चिडत राहतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी तसंच लिहून पाठवलं: काळजी करू नका, हे अपेक्षित आहे, खाजेची गोळी घ्या, तीन आठवड्यांनी दाखवा. उत्तर पुस्तकात बसणारं होतं. पण 'खाज राहिली' आणि 'खाज गेली होती, परत आली' यात फरक आहे, आणि तो मी विचारला नाही. ज्यांनी न बघता औषध दिलं त्यांच्यावर मी वर एवढं लिहिलंय. मीही एका फोटोवर धीर दिला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याच्या मनगटावर ताजी रेघ होती. मुलाच्या तळहातावरही होती. खाज दहा-बारा दिवस पूर्ण थांबली होती आणि मग परत आली होती, असं बायकोने सांगितलं. पहिल्या लागणीला चार-सहा आठवडे लागतात; दुसऱ्यांदा लागली तर शरीर ओळखतं आणि एक ते चार दिवसांतच खाज सुटते. म्हणजे घरात कुठेतरी कीड शिल्लक होती.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: कोण कुणाजवळ झोपतं? डिसेंबरपासून मुलगा आजीजवळ झोपत होता, माजघरात, एका वाकळेत. जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली, चार थरांची वाकळ. आजी त्याशिवाय झोपत नाहीत.

आजींना आणलं. "मला कुटं खाजतंय?" हे त्यांचं पहिलं वाक्य. मलमाची ट्यूब? ती त्यांनी लावलीच नव्हती. "म्हातारीला कशाला वाया घालवायची, म्हागाची हाय," म्हणून ट्रंकेत ठेवली होती, सील न तोडता. वाकळ धुतली नव्हती, कारण ती धुतली की आतले थर गोळा होतात. आणि आणखी एक गोष्ट होती जी त्या हळूच बोलल्या: खरूज घाणेरड्या माणसाला होते, आपल्या घरात रोज दोन वेळा आंघोळ आहे.

मी त्यांना सांगितलं की ही कीड आंघोळीने निघत नाही, ती कातडीच्या आत घर करते. स्वच्छ माणसालाही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं, ते याच लाजेपायी लोक दाखवत नाहीत हे ओळखून घातलं असतं तरी मला पटलं असतं. आजींना यादीचं काय. मग मी फाउंटन पेन घेतलं. म्हाताऱ्या कातडीवर सुरकुत्यांत रेघ दिसत नाही, आणि वयस्कर माणसाला खाजही कमी जाणवू शकते. त्यांच्या डाव्या मनगटावर शाई चोळली, मिनिटभर थांबले, स्पिरिटच्या कापसाने पुसली.

"मतदानाला आणलंय व्हय मला?" आजी म्हणाल्या.

शाई सगळी निघाली, एक रेघ सोडून. शाई बिळात उतरली होती. करंगळीच्या नखाएवढी निळी नागमोडी रेघ, दोन सुरकुत्यांच्या मध्ये. आजींनी चष्मा लावून ती बघितली, बोटाने पुसून बघितली. मग नातवाकडे बघितलं आणि एकदम गप्प झाल्या.

दुसरी फेरी पहिल्यासारखीच, पण या वेळी मोठ्यांना पर्मेथ्रिनबरोबर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, वजनाच्या हिशेबाने, आठवड्याच्या अंतराने दोनदा. भावजयीला गरोदरपणामुळे नाही, आणि पंधरा किलोच्या आतल्या दोन्ही लेकरांना नाही. आजींना मलम सुनेने लावायचं, असं त्यांच्यासमोरच ठरवलं. वाकळ प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून आठवडाभर, मग गच्चीवर उन्हात. मार्चमधलं तासगावचं ऊन या कामाला पुरेसं असतं.

महिन्याने सगळ्यांची बेचकी स्वच्छ होती. त्याच्या दहा गाठींपैकी सहा बसल्या होत्या, चार राहिल्या. आता किडी नक्की मेल्या होत्या, तेव्हा फक्त गाठींचा इलाज करता येणार होता. एरवी इथे थोडे दिवस स्टेरॉइड चालतं, गाठीत इंजेक्शनही देतात. पण क्लोबेटासॉलने आधीच पातळ झालेल्या कातडीवर मला ते नको होतं. टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं, रात्री एकदा. पहिले काही दिवस जळजळेल हे आधीच सांगितलं, नाहीतर तो घाबरून पुन्हा मोबाईल उघडेल अशी मला भीती होती. मेअखेर एक गाठ उरली, मोहरीएवढी, न खाजणारी. जांघेतले व्रण राहिले, ते राहतील.

एचआयव्हीची दुसरी चाचणी मार्चमध्ये निगेटिव्ह आली. कागद त्याने घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, हा बायकोला दाखवू का. मी म्हणाले, तुमचा कागद आहे. दाखवला की नाही ते मी विचारलं नाही. त्यानंतरच्या खेपेला मात्र दोघं एका मोटारसायकलवर आले होते.

हॉस्टेलचा मुलगा

हे सारं जिथून सुरू झालं असावं ते अजून राहिलं होतं. फेब्रुवारीतच मी हॉस्टेलच्या अधीक्षकांना चिठ्ठी दिली होती: एका खोलीतल्या सगळ्या मुलांना एकाच रात्री मलम, नुसतं एका मुलाला घरी पाठवून भागणार नाही, आणि कुणाचंही नाव फळ्यावर लिहू नका. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. माणूस मनापासून विचारत होता. एवढ्या चादरी एकदम वाळत घालायला दोरी पुरत नाही, गाद्यांचं काय करायचं, स्वयंपाकाच्या मावशींनाही लावायचं का. मावशी कुठे राहतात, मुलांना अंघोळ घालतात का, असं मी उलट विचारलं. आम्ही पाऊण तास बोललो. तिथल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गाठून त्यांनी एका रविवारी रात्री सगळ्या खोल्या उरकल्या.

मे महिन्याच्या सुट्टीला मुलगा आला. काकाने त्याला सांगलीच्या एसटी स्टँडवरून घरी न नेता थेट माझ्याकडे आणलं, पत्र्याच्या पेटीसकट. पोरगा भुकेला होता आणि लाजलेला. पेटी बाकावर ठेवली. मी दहाही बेचकी भिंगाखाली धरली, मनगटं, बेंबी, काखा, आणि त्याला विचारून, काकाला बाहेर पाठवून, बाकीचं. जुने काळपट डाग होते. नवी रेघ एकही नव्हती.

बाहेर काका पेटीजवळ उभा होता. "न्हेऊ का मग घरी?" त्याने विचारलं. "आईनं वाकळ वाळवून ठेवलीया."

न्या म्हटलं. आणि पेटीतले कपडे आधी उन्हात टाका.